जुन्या शिडाच्या बोटीचा इंजिन अलार्म: कधी उगाच वाजतो, कधी वाजायचा तेव्हा गप्प

लक्षणं आधी सांगतो, म्हणजे तुमच्या बोटीचं दुखणं हेच आहे का ते कळेल. किल्ली फिरवली की बझर वाजतो, इंजिन सुरू झालं की दोन-तीन सेकंदांत थांबतो. इथवर सगळं ठीक. मग तासभर इंजिन चालतं, चांगलं तापतं आणि मूरिंगजवळ, म्हणजे बोट पाण्यात बांधून ठेवायच्या जागेजवळ, आल्यावर रेस कमी केली की बझर तुटक तुटक चिरकायला लागतो. ऑइलचा दिवा लागतो न लागतो. रेस वाढवली की गप्प. ऑइल स्विच बदलला की महिनाभर शांतता, नंतर पुन्हा तेच. आमच्याकडे हे दोन मोसम चाललं. तिसऱ्या मोसमात जे झालं ते याच्या उलट होतं आणि जास्त वाईट होतं. ते पुढे येईलच.

बोट १९८०च्या दशकातली, ३० फुटी, तिघा मित्रांनी मिळून घेतलेली. इंजिन यानमारचं २जीएम२०, दोन सिलिंडरचं, थेट समुद्राच्या पाण्यावर थंड होणारं. ऑक्टोबर ते मे मुक्काम मुंबईत गेटवेसमोरच्या मूरिंगवर, पावसाळ्यात किनाऱ्यावर. उधाणाच्या ओहोटीत, मांडव्याच्या लाँचांच्या गर्दीतून मूरिंगवर यायचं तर नुसत्या वाऱ्यावर विसंबता येत नाही, तिथे इंजिन लागतंच. आणि नेमकं तिथेच, रेस कमी केल्यावर, हा बझर चिरकायचा. पहिल्या दोन-चार वेळा आम्ही घाबरून इंजिन बंद केलं. नंतर सवय झाली. ‘वाजू दे, तो असाच वाजतो’ हे वाक्य बोटीवर पहिल्यांदा मीच बोललो, आणि त्याची मला आजही चुटपुट लागते.

अलार्मची रचना

जुन्या बोटींवरचा अलार्म अगदी साधा असतो. पॅनेलवर किल्लीतून १२ व्होल्ट येतात, ते दिव्याला आणि बझरला मिळतात. दिव्याची दुसरी बाजू एका वायरने इंजिनवरच्या स्विचपर्यंत जाते. स्विचला वायर एकच. दुसरं टोक म्हणजे स्विचचं धातूचं अंग, जे आट्यांमधून इंजिनच्या ब्लॉकला टेकतं. ब्लॉक हेच अर्थिंग. स्विच आतून जोडला गेला की वाट पुरी होते, दिवा लागतो, बझर वाजतो.

आता महत्त्वाची गोष्ट. ऑइल स्विच दाब नसताना जोडलेला असतो, दाब आला की तुटतो. टेम्परेचर स्विच उलटा, थंड असताना तुटलेला, तापला की जोडला जातो. म्हणून किल्ली फिरवल्यावर जो बझर वाजतो तो फक्त ऑइलच्या वाटेची परीक्षा घेतो. तापमानाच्या वाटेची परीक्षा कधीच होत नाही. ती वायर तुटलेली असो, स्विच मेलेला असो, रोज सकाळी बझर नेहमीसारखाच वाजतो आणि आपण निर्धास्त होतो.

दुसरी गोष्ट डिझेल इंजिनची. एकदा सुरू झालं की त्याला विजेची गरज नाही. किल्लीतला संपर्क झिजून पॅनेलची वीज गेली तरी इंजिन बिनबोभाट चालत राहतं, मात्र सगळे अलार्म मेलेले असतात. काही जण इंजिन चालू असताना किल्ली बंद करून खिशात ठेवतात, त्यांचंही हेच होतं; शिवाय चालत्या अल्टरनेटरला ते बाधू शकतं. इंजिन आधी दोरीच्या नॉबने बंद करायचं. दाब उतरला की बझर वाजतो, तो ऐकायचा, आणि मगच किल्ली बंद करायची.

उगाच वाजणारा बझर

पहिल्या मोसमात आम्ही सरळ नवा ऑइल स्विच आणला. महिनाभर बरं, मग चिरकणं परत. दुसरा स्विच मी ऑपेरा हाऊसजवळच्या गाड्यांच्या पार्ट्सच्या दुकानातून आणला, आणि तिथे एक चूक केली जी अनेकांकडून होते. आपल्या जपानी इंजिनांना ब्रिटिश पद्धतीचे १/८ इंच बीएसपीटी आटे लागतात, इंचाला २८. अमेरिकी पद्धतीच्या १/८ एनपीटीला इंचाला २७. हातात धरले तर दोन्ही सारखेच दिसतात. चुकीचा स्विच दोन-तीन फेरे छान जातो, मग घट्ट होतो, आणि आपल्याला वाटतं बसला. आमचा तसा बसला आणि ऑइल पाझरायला लागलं. ते थांबवायला टेफलॉन टेपचे सहा-सात वेढे मारले, तर टेपमुळे स्विचचं अंग ब्लॉकला नीट टेकेना, आणि काही दिवस किल्ली फिरवूनही बझर गप्प राहू लागला. म्हणजे एक दुखणं घालवायला गेलो आणि दुसरं आणलं. आटे मोजून घ्या, आणि टेपऐवजी थ्रेड सीलंटचा पातळ थर पुरे होतो.

खरं निदान त्यानंतर झालं. ते एका साध्या प्रश्नातून झालं, जो आम्ही पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता: वाजवतंय कोण? ऑइलचा दाब, स्विच, की वायर?

बझर चिरकत असताना, इंजिन चालू ठेवून, ऑइल स्विचवरची वायर काढायची आणि कशालाही न टेकता लोंबत ठेवायची. (बेल्टपासून हात आणि बाह्या लांब.) बझर थांबला तर दोष स्विचचा किंवा खरोखर दाबाचा. वायर काढूनही बझर वाजत राहिला तर स्विच निर्दोष आहे, वायरच मध्ये कुठेतरी ब्लॉकला टेकते आहे. आमचा वाजत राहिला. दोन स्विचचे पैसे आणि दोन मोसम त्या एका क्षणी फुकट गेल्याचं कळलं.

मग हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, हातात धरून इंच इंच पुढे गेलो. स्टार्टरच्या मागे, जिथे डोळा पोचत नाही तिथे, हार्नेस एका पत्र्याच्या क्लिपमधून जातो. क्लिपचं आतलं रबर कधीच झिजून गेलं होतं. मोबाइल आत सारून फोटो काढला तेव्हा दिसलं, वायरचं आवरण एका बाजूने नखभर घासलं गेलंय आणि तांबं पत्र्याला जवळजवळ टेकलंय. दोन सिलिंडरचं इंजिन आयडलिंगला किती हलतं ते ज्याने पाहिलंय त्याला पुढचं सांगायला नको. रेस कमी झाली की इंजिन थरथरतं, वायर टेकते-सुटते, बझर चिरकतो. रेस वाढवली की थरथर कमी होते आणि वायर सुटी राहते. स्विच बदलताना प्रत्येक वेळी हार्नेस थोडा हलायचा, म्हणून महिनाभर आराम पडायचा.

तुमच्याकडे वायर काढल्यावर बझर थांबला, तर मात्र नवा स्विच आणायला धावू नका. आधी दाब मोजा. स्विच काढून त्याच जागी प्रेशर गेज लावा. नागदेवीत गेजही मिळतो आणि त्याला लागणारी जोडणीही. या मालिकेच्या इंजिनांना मिनिटाला ३६०० फेऱ्यांवर चौरस सेंटिमीटरला साधारण ३ ते ४ किलो आणि गरम इंजिनला आयडलिंगला निदान अर्धा किलो दाब हवा. आमचा सव्वा किलो निघाला तेव्हा तिघांनाही हायसं वाटलं. गेज आणि स्विच दोन्ही कायमचे ठेवायचे असतील तर जड टी, म्हणजे तीन तोंडांची जोडणी, थेट ब्लॉकवर टांगू नका, थरथरीने ती मोडते आणि सगळं ऑइल बोटीच्या बुडात जातं. लवचीक होजने बाजूला न्या.

वाजायचा तेव्हा गप्प

गेल्या वर्षी फेब्रुवारीत मांडव्याहून परत येत होतो. सकाळची वेळ, दुपारचा वारा अजून भरला नव्हता, म्हणून इंजिनवर. बझरचं चिरकणं बंद झालेलं, त्यामुळे सगळे खुशीत. किनारा मागे पडून दहा-पंधरा मिनिटं झाली असतील, मागून येणारा एक्झॉस्टचा आवाज बदलला. एरवी तो ओला असतो, फस्-छप्, फस्-छप्. तो हळूहळू कोरडा आणि पोकळ झाला, रिकाम्या डब्यात खोकल्यासारखा. सुकाणूवर होता त्या मित्राने मागे वाकून पाहिलं: पाणी नाही, नुसती पांढरी वाफ. इंजिन लगेच बंद केलं, नांगर टाकला, हॅच उघडली तर तापलेल्या रंगाचा वास अंगावर आला.

पॅनेलवर ना दिवा, ना बझर.

पाणी आत घेणाऱ्या सीकॉकचा, म्हणजे बोटीच्या बुडातल्या तोटीचा, होज सुटा केला तर पाणी कारंजासारखं वर यायला हवं, ते नुसतं झिरपत होतं. आतून तार सारली तेव्हा प्लास्टिकच्या पिशवीचा निळा तुकडा निघाला. मुंबई बंदरात हे नवीन नाही. कधी पिशवी, कधी गाळ. पाणी सुरू झालं, पाण्याच्या पंपातला रबरी पंखा, म्हणजे इंपेलर, बदलला, इंजिन वाचलं. पण अलार्म का वाजला नाही हे कळल्याशिवाय मला पुढे जायचं नव्हतं. किल्ली लावली, टेम्परेचर स्विचवरची वायर काढून ब्लॉकला टेकवली. बझर वाजायलाच हवा. काही नाही.

ही परीक्षा अर्ध्या मिनिटाची आहे. एवढं वाचून एकच गोष्ट करणार असाल तर हीच करा, आणि दर महिन्याला करा. किल्ली लावल्यावर ऑइलचा बझर आधीच वाजत असतो, म्हणून आधी ऑइल स्विचची वायर काढून बाजूला धरायची, शांतता होते. मग टेम्परेचरची वायर ब्लॉकला टेकवायची.

आमच्या वायरच्या टोकाला थिंबल, म्हणजे चेपून बसवलेलं धातूचं टोक, होतं आणि त्यावर जुनी काळी टेप. टेप सोलली तर आत तांबं नव्हतंच, हिरवा कळंक होता. हाताने ओढली तर वायर थिंबलमधून अलगद बाहेर आली. बाहेरून बघणाऱ्याला ती जोडलेलीच दिसत होती.

वायर नवी केली, टेकवली, बझर वाजला. तरी माझं समाधान होईना. स्विच काढून घरी नेला आणि एका जुन्या पातेल्यात पाणी तापवलं. स्विच तारेने असा टांगला की फक्त खालचा भाग पाण्यात बुडेल आणि पातेल्याच्या तळाला टेकणार नाही. मल्टिमीटर बीपवर ठेवून एक टोक स्विचच्या पिनला, दुसरं अंगाला. शेजारी थर्मामीटर. समुद्राच्या पाण्यावर थंड होणाऱ्या २जीएम२०चा स्विच ६० अंशांच्या आसपास जोडला जायला हवा, कारण हे इंजिन मुळातच थंड चालतं. थर्मोस्टॅट ४२ अंशांना उघडायला लागतो आणि ५२ला पूर्ण उघडतो. गोड्या पाण्याच्या वेगळ्या चक्रावर चालणाऱ्या, नावाच्या शेवटी एफ असलेल्या इंजिनांचा स्विच ९५च्या आसपासचा असतो.

६० झाले. ६५. ७०. बीप नाही. ८०ला पाण्यात बारीक बुडबुडे धरले, तरी नाही. शेवटी ९४वर बीप आला. म्हणजे आधीच्या कुठल्यातरी मालकाच्या काळात आमच्या इंजिनला दुसऱ्या प्रकारचा स्विच बसला होता. बसायला तो तंतोतंत बसतो, दिसायला फरक नाही. वायर शाबूत असती तरी तो फार उशिरा ओरडला असता. म्हणून नवा स्विच आणाल तेव्हा बोटीवर चढवण्याआधी पातेल्यात घाला. जुना शाबूत वाटत असेल तरी घाला.

पॅनेल आणि बझर

दोन्ही वाटा सुधारल्यावरही बझर क्षीण होता, इंजिनच्या आवाजात कॉकपिटमध्ये ऐकू येईना. बॅटरीवर १२.६ व्होल्ट, पॅनेलच्या मागे बझर वाजत असताना १०.४. दोनाहून जास्त व्होल्ट वाटेत खाल्ले जात होते. हार्नेसच्या मधल्या कनेक्टरमध्ये खारी हवा वर्षानुवर्षं शिरली होती, दोन पिना काळ्याठिक्कर. सेल्फ मारताना कधीकधी नुसता ‘टक’ आवाज येतो आणि इंजिन फिरत नाही, त्याचंही मूळ बहुतेक वेळा इथेच असतं. आम्ही कनेक्टर कापून टाकला आणि त्या जागी झाकण असलेली टर्मिनल स्ट्रिप लावली. कापण्याआधी प्रत्येक वायरला दोन्ही बाजूंनी क्रमांकाची चिठ्ठी लावा. रंगांवर भरवसा ठेवू नका; चाळीस वर्षांत पिवळा आणि पांढरा एकच होतात.

वायर दीड चौरस एमएमची, टिनचा मुलामा असलेली मिळाली तर तीच घ्या, थोडी महाग पडते. थिंबल पक्कडीने चेपू नका, क्रिंपिंगचा खरा पाना वापरा आणि वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह चढवा. काळी टेप नको. आमचं थिंबल तिच्याखालीच कुजलं.

बझर नवा, पिएझोचा, लॅमिंग्टन रोडवरून. दोन स्विचांचा बझर एकच असतो, म्हणून मध्ये दोन डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) लागतात, नाहीतर ऑइल स्विच जोडला गेला की टेम्परेचरचा दिवाही लागतो आणि नेमकं काय बिघडलं ते कळत नाही. दोन्ही दिवे एकदम लागत असतील तर डायोड आतून शॉर्ट झालाय. दिवा लागतो पण बझर नाही, असं असेल तर डायोड तुटलाय. साधा १एन४००७ चालतो. बझरच्या उणे बाजूपासून दोन फाटे काढायचे, प्रत्येकात एक डायोड, पट्टीची बाजू स्विचकडे.

पिएझोची एक खोड आहे. तो इतक्या कमी करंटवर चालतो की दमट सकाळी स्विचवरच्या खारट ओलीतून झिरपणारा करंटही त्याला पुरतो आणि तो बारीक कुईकुई करत राहतो. बझरला समांतर ३३० ओहमचा १ वॉटचा रेझिस्टर लावला की थांबतो. दिवे एलईडी करायचे असतील तर ऑइल आणि टेम्परेचरचे खुशाल करा, पण चार्जिंगचा करू नका. बऱ्याच अल्टरनेटरना सुरुवातीचा करंट त्या बल्बमधूनच मिळतो. पॅनेलवर एक बारीक हिरवा एलईडी मात्र मुद्दाम वाढवला: तो पेटलेला आहे म्हणजे पॅनेलला वीज आहे.

एक भर

पिशवीच्या त्या प्रसंगात स्विच योग्य असता तरी मला त्याच्यावर पूर्ण विसंबायला आवडलं नसतं. पाणी पूर्ण बंद झालं की सर्वांत आधी तापतो तो एक्झॉस्टचा रबरी होज, ब्लॉक नंतर. आणि ब्लॉकमधलं पाणी वाफ होऊन गेलं की स्विच कोरडा पडतो, मग तो काय सांगेल त्याचा नेम नाही. म्हणून मिक्सिंग एल्बोच्या, म्हणजे थंड करणारं पाणी एक्झॉस्टमध्ये मिसळतं त्या वळणाच्या, लगेच पुढे होजवर एक केएसडी३०१ थर्मल स्विच बांधला: ७५ अंशांचा, नॉर्मली ओपन, म्हणजे तापल्यावर जोडला जाणारा. घेताना हे दुकानात दोनदा विचारा, उलट्या प्रकारचाही तसाच दिसतो. त्याखाली तांब्याची पातळ पट्टी, वरून होजचा क्लँप, एक वायर ब्लॉकला, दुसरी तिसऱ्या डायोडमधून त्याच बझरला. एरवी तो होज हात ठेवता येईल इतका कोमट असतो. सीकॉक मुद्दाम बंद करून पाहिलं तर या स्विचने ब्लॉकवरच्या स्विचच्या पुष्कळ आधी बझर वाजवला, आणि आम्ही तत्क्षणी इंजिन बंद केलं. ही परीक्षा इंपेलरला सोसत नाही, एकदाच करा.

बझर गप्प करायचा स्विच बसवावा का, असं बरेच जण विचारतात. माझं उत्तर ठाम नाही असं आहे. वाजतोय तोवर कारण शोधायचं. गप्प केलेला बझर पुन्हा चालू करायचा राहूनच जातो.

इंजिनच्या हॅचच्या आतल्या बाजूला आता लॅमिनेट केलेला कागद चिकटवला आहे. त्यावर हाताने काढलेली वायरिंगची आकृती, क्रमांक, आणि टेम्परेचरची वायर टेकवून पाहिल्याच्या तारखा. या मोसमात पाच झाल्या. चिरकणं परत आलेलं नाही. चार्जिंगचा दिवा मात्र जास्त रेसवर अजून मंद पेटतो. अल्टरनेटर आणि पॅनेल यांच्यात कुठेतरी थोडा व्होल्टेज पडतोय. बोट वर काढली की जूनमध्ये ते उघडणार आहोत.